रेघेची मागची कड

मेपल फोर्क, ओहायो
रविवार, २६ ऑगस्ट १९८४

प्रिय हार्लन,

ग्रेटा म्हणते, "माझ्या भावाला फोन करण्यात अर्थ नाही. त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू आल्यासारखं तो 'हो हो' म्हणत राहतो." लोखंडी पत्रे दाबायच्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यावर तुला कान उरले हेच नवल. तेव्हा ॲरिझोनाच्या उन्हात पडल्या पडल्या वाचायला हे पत्र.

मका बरा आहे. पाद्रीबाबांचा गुडघा दुखतो. कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली. पण या काही बातम्या नव्हेत. बातमी ही, की शुक्रवारी फुटबॉलचा मोसम सुरू होतोय आणि आपल्या शाळेला क्वार्टरबॅक नाही. म्हणजे दोन आहेत. ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुरू व्हायचा तो माणूस दोन असणं म्हणजे एकही नसणं, हे तूच सांगायचास.

पहिला ब्रॅडली एंगलहार्ट, आपल्या दातांच्या डॉक्टरांचा मुलगा. केस कापलेले, शर्ट खोचलेला, माझ्यासारख्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्यालाही "सर" म्हणतो. प्रार्थनेला गुडघा टेकतो तो खऱ्या अर्थाने टेकतो. चेंडू थोडा जवळच पडतो त्याचा, पण पडतो तो नम्रपणे पडतो.

दुसरा रॉनी सॉल्टिस. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते त्या आयरीनचा. हात मात्र देवाने दिलाय. पन्नास यार्डांवरून बादलीत चेंडू टाकेल. पण तोंड? ते देवाने दिलेलं वाटत नाही. सरावात सारखा च्युइंगगम चघळतो, केस हेल्मेटखालून लोंबतात, कमरेला टॉवेल असा खोवतो जणू बाई नदीवर धुणं धुवायला निघाली आहे. परवा कोच डेनेक त्याला म्हणाले, "सॉल्टिस, तो डाव पुन्हा." तर म्हणतो, "का, पहिल्यांदा बघताना झोपला होता का?" आणि कोच हसले! आमच्या वेळी कोचने पाठीवर शिट्टी तोडली असती.

माझं मत स्पष्ट आहे. चेंडू काय, कोणीही फेकेल. अकरा पोरं ज्याच्याकडे बघून चालतात त्याची चाल सरळ पाहिजे. हे मी कोचना चर्चच्या दारात सांगितलं. ते म्हणाले, "लायल, तुझी साखळी नीट धर." बावीस वर्षं मैदानाच्या कडेला मोजणीची साखळी धरतोय मी; हा अपमान होता की सल्ला, ते अजून ठरवतोय.

तुझा,
लायल

*

मेसा, ॲरिझोना
३ सप्टेंबर

लायल लेका,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तू लग्नाचं स्थळ कळवतोयस. केस कापलेले, वडील दातांचे डॉक्टर, वडीलधाऱ्यांना मान देतो. अरे, तू क्वार्टरबॅक निवडतोयस की जावई?

तुझा ब्रॅडली मला माहीत आहे. त्याचे वडीलही असेच होते. एकोणीसशे पंचावन्नमध्ये त्यांनी शेजारच्या कॅल्डर शाळेविरुद्ध चार वेळा चेंडू हातातून सोडला आणि चारही वेळा समोरच्या पोराला "सॉरी" म्हणाले. इतका सुसंस्कृत पराभव मी आयुष्यात पाहिला नाही.

आणि च्युइंगगमचं काय घेऊन बसलास? मी चोवीस वर्षं त्या साखळीवर तंबाखू चघळत उभा होतो, तीही तुझ्याच बुटांशेजारी थुंकत. तेव्हा तुझं धर्मकार्य कुठे गेलं होतं? मी तुझ्या बायकोचा थोरला भाऊ होतो म्हणून गिळलंस, होय ना?

माझी जागा कोणाला दिली ते लिहिलं नाहीस. दुखतंय वाटतं.

इथे सगळं ठीक. डॉक्टर म्हणतो फुप्फुसं सुधारली. शेजारी बुद्धिबळ खेळतात. कोणी कोणाला पाडत नाही. कंटाळा.

हार्लन

*

मेपल फोर्क
रविवार, ३० सप्टेंबर

प्रिय हार्लन,

तुझी जागा व्हर्जिल न्हाव्याला दिली. दुखतंय हे खरं. तू गेल्यापासून पुढची काठी माझ्याकडे, मागची मेथडिस्ट चर्चवाल्या अर्लकडे, आणि चिमटा व्हर्जिलकडे. माणूस चांगला, पण न्हावी तो न्हावीच; हात चालतो त्यापेक्षा तोंड जास्त चालतं. आणि एक खोड अशी, की मला घाम फुटतो. बावीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी तू मला शिकवलंस: साखळी दहा यार्डांची, चार प्रयत्नांत चेंडू तेवढा पुढे जायला हवा; साखळी मैदानावरची मधली पांढरी रेघ ओलांडते तिथे तिला चिमटा लावायचा, आणि नेहमी रेघेच्या मागच्या कडेवर. म्हणजे मोजणीसाठी साखळी मैदानात नेली की चिमटा त्याच रेघेच्या मागच्या कडेवर टेकवायचा, आणि दोन्ही काठ्या जिथल्या तिथे येतात. रेघ चार इंच रुंद. व्हर्जिल चिमटा लावतो पुढच्या कडेवर. सांगितलं तर म्हणतो, "अरे, रेघेवर तर आहे ना!" प्रत्येक वेळी मी वाकून त्याचा चिमटा मागे सरकवतो. अशाने माझी कंबर जाणार आहे.

पाच सामने झाले. तीन जिंकले. त्यात सॉल्टिस खेळला. दोन हरलो. त्यात ब्रॅडली खेळला. लगेच निष्कर्ष काढू नकोस. ब्रॅडलीच्या वेळी वारा होता.

सॉल्टिसचं वागणं मात्र हाताबाहेर गेलंय. मी साखळीवर उभा असतो, मला सगळं ऐकू येतं. वर बसलेल्यांना फक्त टाळ्या ऐकू येतात. समोरच्या पोराला म्हणतो, "तुझ्या आईला सांग, रात्री बर्फ तयार ठेव." पंचांना म्हणतो, "चष्मा गाडीत राहिला का?" प्रार्थनेच्या वेळी शेजारच्याला कोपर मारतो. तेव्हा मी आपल्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. नावानिशी. 'जिंकणं की घडवणं?' असं शीर्षक मीच दिलं. संपादकांनी ते पहिल्या पानावर छापलं, डुकरांच्या बाजारभावांच्या वर. पाद्रीबाबांनी प्रवचनात उल्लेख केला. समर्थक मंडळाने ठराव केला: मैदानावर कोणत्याही खेळाडूने वडीलधाऱ्याला शिवी दिली, तर दोन सामने बाहेर. ठराव माझाच. बिनविरोध.

मला गर्व नाही. पण समाधान आहे.

लायल

*

मेसा
८ ऑक्टोबर

लायल,

गर्व नाही हे वाचून बरं वाटलं. पत्रासोबत छापील कात्रण तीन प्रतींत पाठवलंस त्यावरून जरा शंका आली होती.

वारा होता म्हणतोस. ब्रॅडली खेळतो तेव्हा वारा असतो, सॉल्टिस खेळतो तेव्हा पडतो. हवामान खात्याला कळव.

आता जरा गंभीर. त्या पोराचा बाप मी कारखान्यात पाहिलाय. दुसरी पाळी, माझ्या शेजारचं यंत्र. पाळी बंद झाली म्हणतोस, म्हणजे घरात आता फक्त आयरीनचा पगार. त्या पोराकडे विकण्यासारखा एकच माल आहे, त्याचा उजवा हात. तो माल बघायला कोणी तरी येणार असेल, कुठलं तरी कॉलेज. तू नाकाने कांदे सोलतोस ते सोल. पण तुझ्या ठरावाच्या दोन सामन्यांत तो माल कुजला, तर भरून कोण देणार?

व्हर्जिलला सांग, रेघेला दोन कडा असतात, डोक्याच्या भांगासारख्या. त्याला त्याच्या भाषेत समजेल.

हार्लन

*

मेपल फोर्क
शनिवार, २० ऑक्टोबर

प्रिय हार्लन,

जिंकलो! कॅल्डरला हरवलं, अकरा वर्षांनी. सतरा विरुद्ध तेरा. गावात सकाळपासून गाड्यांचे भोंगे वाजतायत, व्हर्जिलने दुकानाच्या काचेवर आकडे रंगवलेत.

शेवटची दोन मिनिटं. आपण दहा, ते तेरा. चौथा, शेवटचा प्रयत्न; दहातले दोन यार्ड उरलेले, नाही गेले तर चेंडू त्यांचा. सगळ्यांना वाटलं सॉल्टिस फेकणार. तो चेंडू छातीशी धरून स्वतःच घुसला. पंधरा पोरांचा ढीग. पंचांनी चेंडू ठेवला आणि मोजणी मागितली. आम्ही साखळी घेऊन आत गेलो. चार हजार माणसं उभी राहिली. साखळी ताणली. चेंडूचं नाक माझ्या काठीच्या पुढे, दोन बोटं! पुढच्याच डावाला सॉल्टिसने चेंडू कोपऱ्यात टाकला आणि टचडाउन, वरच्या किकसह सात गुण.

पण या आनंदात विरजण पडलं, आणि पाडणारा तोच. मोजणी चालू असताना हा पोरगा माझ्यापाशी आला, काहीतरी बरळला, मी त्याला जागेवर जायला सांगितलं, तर मला, चर्चच्या पंचमंडळातल्या माणसाला, बावीस वर्षं ही काठी धरणाऱ्याला, असा एक शब्द वापरला की तो मी ग्रेटालाही सांगितलेला नाही. मी तक्रार केली. करणं भाग होतं. ठराव माझा, मीच डोळेझाक केली तर? काल रात्रीच मंडळ बसलं. दोन सामने बाहेर. येत्या शुक्रवारचा, आणि दोन नोव्हेंबरचा घरचा शेवटचा. त्या शेवटच्या सामन्याला कुठल्याशा कॉलेजचा माणूस सॉल्टिसला बघायला येणार होता म्हणे. त्याला आता ब्रॅडली बघायला मिळेल. त्याचंही काही वाईट होणार नाही.

मी त्या सबंध चार प्रयत्नांत व्हर्जिलला हेच सांगत होतो, की हा पोरगा तोंडात गम ठेवून देवाचं नाव घेतो, याच्या हातून गावाचं भलं व्हायचं नाही. आणि बघ, देवाने त्याच्याच हातून जिंकवलं. देवाची विनोदबुद्धी मला नेहमीच जरा कठीण गेली आहे.

लायल

*

मेसा
बुधवार, २४ ऑक्टोबर
(तातडीच्या टपालाने. जास्तीचे पैसे गेले, तुझ्या नावावर मांडलेत.)

लायल,

अभिनंदन. पत्र तीनदा वाचलं. मग कागद घेतला, रेघ काढली, चार इंच रुंद, आणि बसलो.

तू सप्टेंबरात लिहिलंस: व्हर्जिल प्रत्येक वेळी चिमटा पुढच्या कडेवर लावतो आणि तू प्रत्येक वेळी वाकून मागे घेतोस. आता लिहितोस: त्या चारही प्रयत्नांत तू व्हर्जिलला गमवर प्रवचन देत होतास. लेका, मी तुला ओळखतो. तुला प्रवचन देताना वाकता येत नाही. ताठ उभं राहावं लागतं.

म्हणजे चिमटा पुढच्या कडेवर होता.

मोजणीला पंच चिमटा हातात घेतो आणि जमिनीला टेकवण्याआधी एकच प्रश्न विचारतो. चोवीस वर्षांत मी एकही पंच असा पाहिला नाही ज्याने तो विचारला नाही: "मागची कड?" पुढच्या कडेचा चिमटा मागच्या कडेवर टेकवला, की सबंध साखळी चार इंच मागे येते. तुझी काठी चार इंच मागे. चेंडू दोन बोटं पुढे. दोन बोटं म्हणजे दीड इंच, तुझी बोटं जाड आहेत तरी. आपण अडीच इंच कमी होतो, लायल. दहा यार्ड झालेच नव्हते, चेंडू कॅल्डरला जायला हवा होता. सामना कॅल्डरचा होता.

आता माझे दोन प्रश्न. पंचाने विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?

आणि तो पोरगा 'काहीतरी बरळला' म्हणतोस. तुला समोरच्या संघातल्या पोराच्या आईचा बर्फ शब्दशः आठवतो. तुझ्याच कानाशी येऊन बोललेलं वाक्य नेमकं विसरलास?

हार्लन

*

मेपल फोर्क
रविवार, २८ ऑक्टोबर

हार्लन,

बहिरा माणूस इतकं ऐकतो हे मला माहीत नव्हतं.

तुझं पत्र काल आलं. ग्रेटाने विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "हवा चांगली आहे." आज चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायची माझी पाळी होती. मी ती शेजारच्या बाकावरच्याला दिली. म्हटलं, खांदा दुखतो.

पंचांनी विचारलं, "मागची कड?" मी म्हणालो, "हो."

सवयीने म्हणालो. बावीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. पण तू पुढे विचारणारच, म्हणून सांगतो. 'हो' तोंडातून निघाला आणि चिमटा टेकवला जाण्याआधी मला आठवलं, की या खेपेला मी वाकलो नव्हतो. त्या दोघांच्या मध्ये वेळ होता. एखादी लहानशी प्रार्थना म्हणून होईल इतका. मी काही म्हणालो नाही.

सॉल्टिस म्हणाला. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं. प्रत्येक डावाआधी किती उरलं ते बघायला तो साखळीकडे बघतो. क्वार्टरबॅकचं ते कामच आहे. तो म्हणाला, "मिस्टर ब्रांट, चिमटा पुढच्या कडेवर होता. सांगा ना त्यांना."

मी म्हणालो, "तू आपल्या जागेवर जा."

तो म्हणाला, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हणालो, "तुझ्यासारख्याचं कोण ऐकणार?"

तेव्हा त्याने तो शब्द वापरला. मागे वळून पंचांकडे गेलाही, पण पंचांनी हात वर केला होता आणि चार हजार माणसं ओरडत होती. पंच त्याला म्हणाले, "जा पोरा, खेळ." तो गेला आणि खेळला. आणखी काय करणार होता?

आणि मी दोन तासांनी मंडळापुढे उभं राहून त्याच्या वर्तणुकीबद्दल बोललो. चांगलं बोललो. टाळ्या मिळाल्या.

परवाच्या शुक्रवारी ब्रॅडली खेळला. एकतीस-शून्य हरलो. वारा नव्हता.

उद्या संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. मी काय करायचं ते मला माहीत आहे. पाय नेतील का, ते माहीत नाही.

लायल

*

मेसा
१ नोव्हेंबर

लायल,

तुझ्या पत्राला उत्तर पोचेल तेव्हा तुझी बैठक होऊन गेलेली असेल. म्हणून सल्ला देत नाही. नुसती वाट बघतो. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे.

माझा अंदाज लिहून ठेवतो, नंतर म्हणशील आधी का नाही सांगितलं. तू गेला असशील, मागच्या बाकावर बसला असशील, कॉफी प्यायला असशील आणि घरी आला असशील. तुझं मन फार चांगलं आहे, पण ते उठून उभं राहायला वेळ लावतं.

खोटा ठरलो तर एक डझन संत्री पाठवीन.

हार्लन

*

मेपल फोर्क
रविवार, ४ नोव्हेंबर

प्रिय हार्लन,

संत्री पाठव.

तुझा अंदाज अर्ध्यापर्यंत बरोबर होता. मागच्या बाकावर बसलो, कॉफी प्यायलो. तिसरा कपही झाला. मग अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही विषय?" आणि मी उभा होतो. कसा झालो ते आठवत नाही.

सगळं सांगितलं. चिमटा, कड, 'हो', पोरगा काय म्हणाला, मी काय म्हणालो. चार इंच हातांनी दाखवले. मागे कॉफीचं भांडं गुरगुरत होतं. मला वाटलं, लोकांना धक्का बसला.

बसला होता. पण भलताच. व्हर्जिल म्हणाला, "म्हणजे तू म्हणतोस आपण हरलो?"

"मी म्हणतो चेंडू अडीच इंच कमी होता."

"काचेवरचे आकडे मी पुसणार नाही, सांगून ठेवतो."

अध्यक्ष म्हणाले, "लायल, निकाल बदलत नसतो. मग हे आता कशाला उकरून काढलंस?" दातांचे डॉक्टर म्हणाले, "आणि शिवी ती शिवीच राहते ना?" मी म्हटलं, "शिवी मला दिली होती. ती मी कमावली होती. तक्रार माझी, परत घेतो. आणि ठराव वडीलधाऱ्याला दिलेल्या शिवीबद्दल आहे. त्या घटकेला तिथे वडीलधारं कोणी असेल तर तो पोरगाच होता." डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. बंदी उठली, पण फक्त एका मताच्या फरकाने.

मग दुसरा ठराव. साखळीवरून मला काढायचं. कारण: मंडळाची प्रतिमा मलिन करणारी वर्तणूक. हा मात्र बिनविरोध झाला. मी स्वतःही हात वर केला.

दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याशी बोलत नाही. बुधवारी सकाळी माझ्या टपालपेटीवर कोणीतरी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला होता. मी फूटपट्टी आणून मोजला. बरोबर चार इंच. काम करणारा हात चांगला होता. मेपल फोर्कच्या माणसांचं वाईट करतानाही काम नेटकं असतं.

शुक्रवारी पहिल्यांदा मी तिकीट काढून पायऱ्यांवर बसलो. माझ्या आजूबाजूला दोन-दोन जागा मोकळ्या होत्या. सबंध मैदानात मलाच पाय पसरता येत होते. थोड्या वेळाने आयरीन सॉल्टिस येऊन शेजारी बसली. स्वयंपाकघरातून सुटून थेट आली होती, हातांना कांद्याचा वास. थंडी होती. तिने घोंगडीचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यांवर टाकला. मी म्हटलं, "आयरीन, मी तुझ्या पोराशी—" ती म्हणाली, "माहीत आहे. खेळ बघा."

हरलो, हार्लन. वीस-सतरा. सॉल्टिसने दोनदा टचडाउन टाकले आणि एकदा चेंडू सरळ समोरच्याच्या हातात दिला. तेव्हा गाव असं ओरडलं की पाद्रीबाबांनी कान झाकले. वडीलधारी माणसं ओरडत होती. नेमके कोणते शब्द ते लिहीत नाही. ठराव खेळाडूंसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही. साखळीवाल्याने तोंडातून आवाज काढायचा नसतो, त्यामुळे बावीस वर्षं मी या मैदानावर ओरडलो नव्हतो. त्या वेळी मी उभा राहिलो आणि म्हटलं, "चल रॉनी." आवाज चिरका निघाला. आयरीनने वर बघितलं. एवढंच.

कॉलेजचा माणूस शेवटपर्यंत बसला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. असल्या माणसांना चेहरा न ठेवण्याचा पगार मिळत असावा.

लायल

*

मेसा
१२ नोव्हेंबर

लायल,

संत्री निघाली. डझनभर ठरली होती, चौदा आहेत. दोन आयरीनला.

माझ्या बहिणीने तुला होकार दिला तेव्हा मी तिला म्हणालो होतो, माणूस जरा लाकडी आहे. तिला सांग, शब्द मागे घेतोय. जरा.

हार्लन

*

मेपल फोर्क
रविवार, २ डिसेंबर

प्रिय हार्लन,

संत्री गोड होती. काल दुपारी गॅरेजमध्ये बसच्या खाली पडलो होतो. बाहेर बूट दिसले. वर आलो तर रॉनी सॉल्टिस. तोंडात गम.

"कॉलेजने कागद पाठवलाय," म्हणाला. "फी माफ करतायत, जेवणखाणही. पण वर्तणुकीबद्दल पत्र हवंय. नातेवाईक नको, कोच नको. गावातला कोणी जाणता माणूस."

मी म्हटलं, "पाद्रीबाबांकडे जा."

"ते सगळ्यांबद्दल चांगलंच लिहितात. कॉलेजवाल्यांना माहीत असणार."

"मग माझ्याकडे का? मी तुझ्याबद्दल काय लिहितो ते सगळ्या गावाने पहिल्या पानावर वाचलंय."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी हात पुसत राहिलो. मग विचारलं, जे इतके दिवस विचारायचं होतं. "त्या दिवशी गप्प राहिला असतास तर काय बिघडत होतं? फायदा तुझाच होता."

त्याने बुटाने बसचं चाक दाबून बघितलं. "पुढे कॉलेजात मला कोणी चार इंच देणार नाही, मिस्टर ब्रांट. मी पोचलो होतो की नाही, हे मला कळायला हवं होतं." मग म्हणाला, "आणि नव्हतो पोचलो. डावा पाय घसरला होता. आता त्याच्यावर काम करतोय."

माफी मागितली मी. नीट, पूर्ण वाक्यात. तो म्हणाला, "ठीक आहे. पत्र शुक्रवारपर्यंत हवंय." आजकालच्या पोरांना माफीही पोच देऊन स्वीकारता येत नाही.

पत्र लिहिलं. चार कागद फाडले. शेवटचा तुला उतरवून पाठवतो. जिथे खोटं वाटेल तिथे सांग. तुला लांबूनही दिसतं.

लायल

*

(सोबत नक्कल)

प्रवेश अधिकारी यांस,

रॉनल्ड सॉल्टिस या विद्यार्थ्याच्या वर्तणुकीबद्दल आपण विचारलं आहे. मी त्याचा नातेवाईक नाही, शिक्षक नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी आपण विचारलं असतं तर मी आपल्याला त्याला घेऊ नका असं कळवलं असतं. तसं मी छापूनही आणलं होतं.

तो शिव्या देतो. मी ऐकल्या आहेत. प्रार्थनेच्या वेळी शेजाऱ्याला कोपर मारतो. पंचांना प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा ते प्रश्न बरोबर असतात. गम चघळतो. आपण त्याला हे सगळं सोडायला लावू शकाल असं मला वाटत नाही, आणि आता तशी माझी फारशी इच्छाही नाही.

ऑक्टोबरात एका सामन्यात मोजणी चुकली. चूक त्याच्या फायद्याची होती, त्याच्या गावाच्या फायद्याची होती, आणि मैदानावरच्या दोनच माणसांना ती माहीत होती. एक सतरा वर्षांचा हा मुलगा. तो म्हणाला, चूक झाली आहे, सांगा. दुसरा एकोणपन्नास वर्षांचा, चर्चच्या पंचमंडळातला, वर्तणुकीवर लेख लिहिणारा मनुष्य. तो गप्प बसला, आणि वर मुलाला शिक्षा करवली.

त्या दुसऱ्याची सही खाली आहे.

लायल ब्रांट
मेपल फोर्क